धैवत नसलेला बिगूल

वॉशिंग्टनमधल्या मरीन बराकीत उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी संचलन होतं. त्यावर लिहायला संपादकांनी मला पाठवलं. शिस्त, इतिहास, रोषणाई अशा सगळ्यावर टिपणं घ्यायची असं ठरवून गेले आणि पितळी वाद्यांपाशीच अडकले. लाल कोटातल्या त्या सैनिकांच्या हातात ट्रम्पेट नव्हते. ते 'जी' स्वरातले, दोनच व्हॉल्व्हचे बिगूल होते. 1934 मध्ये स्थापन झालेलं मरीनचं हे ड्रम आणि बिगूल पथक अजून त्यांवरच वाजवतं. नागरी स्पर्धांमधल्या पथकांनी मात्र हे वाद्य केव्हाच खाली ठेवलं.

या पथकांना अमेरिकेत ड्रम कोअर म्हणतात. माजी सैनिकांच्या संघटनांनी ती वाढवली, चर्चनी मुलांना त्यांत घातलं. 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी ड्रम कोअर इंटरनॅशनलची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि अ‍ॅनाहाइम किंग्जमेन पहिले आले. एवढा इतिहास पुरे. मला बोलायचंय ते त्या बिगुलाबद्दल.

साध्या बिगुलाला चावी नसते. फुंकीच्या जोरावर आणि ओठांच्या ताणावर जे स्वर निघतील तेवढेच. जुन्या स्पर्धांच्या बिगुलाला आडवा बसवलेला एकच पिस्टन होता. तो अंगठ्याने दाबला की वाद्य 'जी'वरून 'डी'वर, म्हणजे अडीच स्वर खाली उतरायचं. आता हे आपल्या सरगमीत मांडून पाहा. पिस्टन न दाबता सा, ग, प आणि कोमल नी. दाबला की प, नी, रे आणि किंचित उतरलेला म. पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत चढत गेलात तर प, नी, सा, रे, ग, म, प असं सगळं मिळतं. मधला धैवत तेवढा मिळत नाही. एका स्वरासाठी अख्खी चाल अडायची. काही वादक वाजवता वाजवता सुरात लावायची नळी हाताने ओढून अर्धा स्वर उतरवत. पुढे डाव्या हाताच्या बोटाने फिरवायचा रोटर आला. तो एक पूर्ण स्वर उतरवणारा असेल, तर पिस्टन आणि रोटर एकत्र दाबून धैवत हाती लागायचा.

1977 मध्ये स्पर्धांत दोन उभ्या व्हॉल्व्हना परवानगी मिळाली आणि चित्र उलटलं. एक व्हॉल्व्ह पूर्ण स्वराचा, दुसरा अर्ध्या. धैवत सहज आला. पण अडीच स्वर उतरवणारा जुना पिस्टन गेल्यामुळे खालच्या सप्तकातला रिषभ गेला, त्याच्या शेजारचे कोमल रिषभ आणि कोमल गंधारही मिळत नसत. सर्वांत उंच पट्टीच्या सोप्रानो बिगुलावर ते नाहीतच. मग संगीत संयोजकाने काय करायचं? बॅरिटोन बिगूल सोप्रानोच्या एक सप्तक खाली बोलतो. म्हणजे सोप्रानोला न मिळणारा खालचा रिषभ हा बॅरिटोनचा वरचा रिषभ, आणि तो त्याला मिळतो. तेव्हा चाल सोप्रानोकडून सुटायची, अडल्या जागी बॅरिटोनने उचलायची आणि पुन्हा परत द्यायची. हे सगळं फुटबॉलच्या मैदानावर, पावलं टाकत, कधी एकमेकांपासून वीस-तीस यार्डांवरून. कीर्तनात बुवा थांबले की टाळकऱ्यांनी ओळ उचलावी, तसं.

हे कळल्यावर जुनी ध्वनिमुद्रणं मी नव्याने ऐकली. ट्रूमन क्रॉफर्ड हे शिकागोच्या रॉयल एअर्सचे संयोजक. पुढे ते मरीनच्या याच पथकात आले आणि त्याचे प्रमुख झाले. जिम ऑट यांनी स्पिरिट ऑफ अटलांटासाठी लिहिलेलं संगीत तर मी पुनःपुन्हा लावते. मोठा आवाज अनेकांना काढता येतो. ऑट यांच्या लेखनात तो आवाज आतून भरलेला असतो, मधल्या पट्टीतल्या वाद्यांना केवळ भरणा म्हणून काही दिलेलं नसतं. 1980 च्या ऐन हंगामात मोटार अपघातात ते गेले. उत्कृष्ट पितळी वादनाचा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. गारफील्ड कॅडेट्सनी 1987 मध्ये वाजवलेलं आरन कोपलंड यांचं 'अ‍ॅपलाचियन स्प्रिंग' ऐका, किंवा मॅडिसन स्काउट्सचं 1988 चं 'मालाग्वेन्या'. दोन्ही पथकं त्या त्या वर्षी अजिंक्य ठरली आणि दोन्ही दोन व्हॉल्व्हवरच. इतका रसरशीत आवाज मला नंतरच्या वर्षांत क्वचित सापडला. हा माझा पक्षपात असेल, पण तो कान देऊन झालेला आहे.

1990 मध्ये तिसरा व्हॉल्व्ह आला. 2000 च्या हंगामापासून कोणत्याही स्वरातली वाद्यं चालू लागली. त्यामागचा हिशेब मला पटतो. शाळांचे बँड 'बी फ्लॅट'मध्ये वाजवतात, तेव्हा जुनी झालेली वाद्यं शाळांना विकता येतात. 'जी' बिगूल कोण घेणार? पण मागणी आटली तसे कारागीरही आटले. हे बिगूल बनवणाऱ्यांमधलं मोठं नाव असलेला अ‍ॅनाहाइमचा कॅन्स्टल कारखाना 2019 मध्ये बंद झाला. जुन्या बिगुलाची नळी पिचली, तर तिच्या मापाची दुसरी कुठून आणायची हा प्रश्न आता खराखुरा आहे.

वाद्याहून मोठी काळजी संगीताची आहे. बहुतेक संयोजनं दुसऱ्याच्या रचनेवर केलेली, एका पथकापुरती आणि एका हंगामापुरती. मूळ रचनेचे हक्क दुसरीकडे असल्याने ती सहजी छापता येत नाहीत. चित्रफितीला वेगळा परवाना लागतो. तो न मिळाल्यामुळे काही जुन्या सादरीकरणांतला आवाजच काढून टाकावा लागला. मुलं मैदानावर धावताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही.

पथकंही टिकत नाहीत. सत्तरच्या दशकात ती शेकड्यांनी होती. खर्च वाढत गेला आणि गावोगावची लहान पथकं मिटली. सात वेळा अजिंक्य ठरलेल्या सांता क्लारा व्हॅनगार्डला पैशांअभावी 2023 चा हंगाम सोडावा लागला, पुढच्या वर्षी ते परतले. गारफील्डचे ते कॅडेट्स मात्र परतले नाहीत. मरीनच्या पथकासारखेच तेही 1934 चे. ऐंशीच्या दशकातल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून दाखल झालेला दावा लढवताना आर्थिक बळ संपलं आणि 2024 च्या सुरुवातीला त्यांनी काम थांबवलं. तक्रार करणाऱ्याला न्याय मिळायलाच हवा. एवढ्या जुन्या पथकाला मुलांचं रक्षण करता आलं नसेल, तर त्याच्या पदकांची मातब्बरी कशाला सांगायची? तरीही 1987 चं ते संगीत वाजवणाऱ्या मुलांनी काही गुन्हा केला नव्हता, आणि त्यांनी वाजवलेल्या संगीताच्या वह्या कोणाकडे तरी असायला हव्यात. हाताने लिहिलेल्या त्या वह्यांत कुठला स्वर कोणाकडून कोणाकडे गेला हे दिसतं. ध्वनिमुद्रणातून ते नुसतं ओळखावं लागतं. एखाद्या विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयाने त्या वह्या, दोन व्हॉल्व्हचे थोडे बिगूल आणि ते हाताळलेली माणसं यांना एकत्र बसवून नोंदी करून घ्याव्यात. 1977 साली वीस वर्षांचा असलेला वादक आज सत्तरीकडे झुकला आहे.