नुसतं इंजेक्शन की आधी हाड सरळ?

गुडघेदुखीवर पीआरपी इंजेक्शनच्या जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतात. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवून प्लेटलेट वेगळ्या करायच्या आणि गुडघ्यात टोचायच्या. ऐकायला झकास! पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षभरानंतर पीआरपी आणि साधं सलाइन टोचलेल्यांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक नव्हता.

मला जास्त रस आहे तो जोड-उपचारात, म्हणजे आधी हाड सरळ करून मग इंजेक्शन देण्यात. आपल्याकडे अनेकांचे पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेले असतात. मग भार आतल्या बाजूवर पडतो आणि तिथली कूर्चा झिजते. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर एकाच बाजूने घासतो ना, तसंच. नवा टायर घातला तरी तोही घासणारच! म्हणून गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला काप देऊन, ते थोडं उघडून प्लेट-स्क्रूने पक्कं करतात. भार बाहेरच्या, धडक्या बाजूकडे सरकतो. ही शस्त्रक्रिया, म्हणजे हाय टिबियल ऑस्टिओटॉमी, साधारणपणे तरुण, कामकरी रुग्णांसाठी. पूर्ण झिजलेल्या गुडघ्यासाठी नाही.

सिंगापूरच्या डॉक्टरांनी ५६ रुग्णांवर हीच शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना सुमारे ३ आठवड्यांनी त्यांच्याच अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मूळपेशी टोचल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात २ वर्षांनंतर पेशीवाला गट थोडा पुढे होता. थोडाच, हं. सुधारणा दोन्ही गटांत झाली होती, त्यामुळे मोठं श्रेय मी तरी हाड सरळ करण्यालाच देईन.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना, पाय किती वाकलाय ते पाहण्यासाठी उभ्याने काढलेला, कंबरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे हवा का, ते जरूर विचारा.