शेजारच्या संगणकातील फोल्डर उघडत नाही तेव्हा...

विवरणपत्रे भरण्याची घाई, दारात अशिलांची गर्दी आणि नेमक्या त्याच दिवशी नवा संगणक जुन्या संगणकातील हिशेबांचे फोल्डर उघडण्यास नकार देतो! परिचयातील एका करसल्लागाराच्या कचेरीत हा प्रसंग घडला. मदतीस आलेल्या तंत्रज्ञाने जुन्या संगणकाची फायरवॉल बंद केली, फोल्डर सर्वांसाठी खुले केले आणि तो निघून गेला. फोल्डर तरीही उघडेना. सुरक्षेची भिंत मात्र पडली. कुलूप निघत नाही म्हणून भिंतच पाडण्याचा हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो.

वास्तविक पडद्यावर उमटणारा संदेश शांतपणे वाचला, तरी निम्मे काम होते. ‘नेटवर्क पाथ’ सापडत नाही, असे विंडोज म्हणत असेल तर अडचण रस्त्यात आहे. प्रवेश नाकारला, असे म्हणत असेल तर आपण दारापर्यंत पोहोचलो आहोत. प्रश्न फक्त किल्लीचा आहे.

रस्त्याची तपासणी सोपी. समोरचा संगणक झोपी गेलेला नाही ना, आणि दोघांपैकी एक राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर नाही ना, हे आधी पाहावे. त्यानंतर एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन संगणकाच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता लिहावा. आयपीने उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष नाव ओळखण्यात आहे. तेही जमले नाही, तर ज्या संगणकात फोल्डर आहे त्याचे नेटवर्क ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ ते तपासावे. ‘पब्लिक’ म्हणजे विंडोजच्या लेखी रेल्वे स्थानकावरचे वायफाय. तेथे ती सहसा कोणाला दारात उभे करत नाही. घरात वा कचेरीत ‘प्रायव्हेट’ निवडून फाइल शेअरिंग सुरू केले, की फायरवॉल आवश्यक तेवढीच वाट मोकळी करते. ती बंद करण्याचे कारणच उरत नाही.

किल्लीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. आपण रोज चार आकडी पिन टाकून संगणक सुरू करतो, परंतु तो पिन त्याच यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा पासवर्डच द्यावा लागतो. खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोज त्या खात्याने बाहेरून प्रवेश देत नाही. शिवाय परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या आणि सिक्युरिटीच्या पानावर. दोहोंपैकी जी कडक, तीच चालते. एकीकडे पूर्ण मुभा देऊनही फोल्डर का उघडत नाही, याचे उत्तर अनेकदा दुसऱ्या पानावर असते.

त्या कचेरीतील गुन्हेगार मात्र निराळाच होता. जुन्या संगणकावर पासवर्डशिवाय, ‘गेस्ट’ म्हणून आत शिरण्याची वहिवाट वर्षानुवर्षे चालत आली होती. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने ‘प्रो’ संगणकांना अशा पाहुणेगिरीची मनाई केली आहे. संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश अडवला, असा संदेश त्या वेळी दिसतो आणि माणूस आपल्या तीन टेबलांच्या कचेरीत ते धोरण कोणी आखले याचा विचार करत बसतो! ते मायक्रोसॉफ्टनेच आखलेले असते.

ही मनाई उठवण्याच्या युक्त्या आहेत. फाइलींच्या देवाणघेवाणीची ‘एसएमबी १’ ही जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो मानू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले ते याच पद्धतीतील त्रुटीतून. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘नॉटपेट्या’नेही तीच त्रुटी वापरली आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

कचेरीतील उपाय दहा मिनिटांचा ठरला. जुन्या संगणकावर पासवर्डसह एक स्वतंत्र खाते काढले, दोन्ही पानांवर केवळ त्यालाच परवानगी दिली आणि नव्या संगणकाच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जुना चुकीचा तपशील पुसून हा नवा भरला. फोल्डर उघडले. त्यानंतर फायरवॉल पुन्हा सुरू केली. ती दोन दिवस बंद होती, हे तोवर कोणाच्या ध्यानातही नव्हते.