बिबट्या नसलेली पुस्तकं

जोगेश्वरीतल्या दोन वर्षांच्या मुलाला कावळा, मांजर, कबुतर, पाल रोज दिसतात. शेजारच्या आरेच्या जंगलातल्या बिबट्याच्या गोष्टी तर घरोघरी. पण दुकानात मिळणारी प्राण्यांची पुस्तकं बहुतेक जिराफ नि झेब्र्यानंच भरलेली! तेही एका पानावर बारा-बारा चित्रं, खाली नावं. ती पुस्तकं नव्हेत, तक्ते आहेत.

लहानग्यांना पानावर एकच प्राणी हवा, मोठा, काहीतरी करत असलेला. एरिक कार्ल यांची चित्रं असलेलं, १९६७ सालचं ‘ब्राउन बेअर’ पाहा: जवळपास प्रत्येक पानावर एक प्राणी आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा. त्यामुळे पुढचं वाक्य मूलच आधी म्हणतं. माझ्या मते वाचन तिथंच सुरू होतं.

मराठीत नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त, सचित्र पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर (२०१५ पासून) मराठी गोष्टी मोफत मिळतात, तिथं पहिल्या पातळीपासून सुरुवात करा. आणि माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ जरूर घ्या! चित्राकडे निवांत बघायला ते मोठ्यांनाही शिकवतं.

वाचताना घाई नको. ‘मांजर कुठं बघतंय?’ एवढं विचारा आणि थांबा.

तान्ह्यांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचंच पुस्तक घ्या, तान्ही मुलं ते आधी चावूनच बघतात.