आप्पांचं ‘ब्याड’ आणि आमचा पोंक

आपल्या भागात वाढलेल्यांना ‘ब्याड’चा अर्थ सांगायला नको. मराठीतल्या ‘नको’ला थोडी वाटाघाट चालते. ‘नको’ म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा आग्रह करता येतो, ताटात हळूच अर्धी पोळी वाढता येते. ‘ब्याड’ म्हणजे विषय संपला. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, राग आला किंवा एखादी गोष्ट मनापासून पटली नाही की ते मराठी सोडून कन्नडवर येतात. तेव्हा दोन वर्षांपूर्वी जेवताना धाकट्यानं “अज्जा, आपण कुत्रा आणू या?” असं विचारलं आणि आप्पा मान वर न करता “ब्याड” म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी निमूट आमटी ओरपायला घेतली.

माझं माहेर बेळगावचं. लग्नानंतर सुरतेला आले, त्याला आता सोळा वर्षं झाली. यजमान कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये. तापीच्या अलीकडे अडाजणला आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. आई गेल्यावर आप्पांना तिथं एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून इकडे आणलं. आप्पा टपाल खात्यातले. चिकोडी, रायबाग, गोकाक या तालुक्यांतली खेडी त्यांनी सायकलवर टपाल वाटत पालथी घातलेली. पुढे सबपोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले, पण स्वतःची ओळख सांगताना आजही “मी पोस्टमन” असंच म्हणतात.

आता कुत्र्याचा हट्ट धरायला सुरतेइतकं सोयीचं शहर दुसरं नसेल! इथं जनावरांची दया ही आजकालची गोष्ट नाही. १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेला आला होता. त्याचं प्रवासाचं पुस्तक १६९६ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात गायी, घोडे, शेळ्या, कुत्री अशा आजारी, लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांसाठी वाणी लोकांनी चालवलेल्या इस्पितळाचं वर्णन आहे. पुढं तर तो सांगतो, की जवळच ढेकूण आणि पिसवांसाठीही वेगळी जागा आहे आणि त्यांचं पोट भरावं म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या खाटेवर झोपवतात. खरंखोटं तो पाद्रीच जाणे. त्यानंतर शंभरेक वर्षांनी जेम्स फोर्ब्ज यानं याच इस्पितळाबद्दल लिहिताना पंचाहत्तर वर्षं तिथं राहिलेल्या एका कासवाचा उल्लेख केला आहे. सुरतेची पांजरापोळ आजही आहे. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून पारशी मंडळींनी दंगा केला आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारानं तिथंही पांजरापोळ निघाली. जमशेटजींचं मूळ घराणं इथून जवळच्या नवसारीचं.

हे सगळं थोरलीनं अज्जाला ऐकवलं. आप्पा म्हणाले, “त्या पाद्र्याला चावलं होतं का कुत्रं?”

बिनतोड होतं! शिवाय नुसता आप्पांचा हेका म्हणून सोडून द्यावं असंही नव्हतं. २०२३ साली याच सुरतेत भटक्या कुत्र्यांनी लहान मुलांवर केलेल्या हल्ल्यांच्या बातम्या आम्ही वाचत होतो. शाळेच्या बसथांब्यावर पालक काठ्या घेऊन उभे राहत होते.

तरी मुलांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून एका रविवारी मी त्यांना शहराबाहेरच्या एका निवारा केंद्रात घेऊन गेले. गाडीखाली आलेली, कुणी सोडून दिलेली, पावसात सापडलेली कुत्री तिथं ठेवतात. बरी झाली की चांगलं घर मिळतं का बघतात. तिथल्या ताईंनी आमचं घर किती मोठं, पगार किती, असलं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, “घरमां बधा राजी छे?” घरातले सगळे राजी आहेत का? मी आप्पांचं सांगितलं. त्यांनी फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाल्या, सर्वांत जास्त कुत्री परत येतात ती अशाच घरांतून. आजी-आजोबांना किंवा वडिलांना न विचारता मुलांच्या वाढदिवसाला नेलेली. परत आलेलं कुत्रं खात नाही, दाराकडं तोंड करून बसतं. ते पुन्हा माणसावर विश्वास टाकेपर्यंत महिने जातात.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी आप्पांशेजारी जाऊन बसले. “आप्पा, तुम्ही नको म्हणालात, मी आणणार नाही. पण नको का, तेवढं सांगा,” म्हटलं. बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात प्रथमच ऐकत होते. आईला माहीत असावं.

साल १९७४. आप्पा चोवीस वर्षांचे. गोकाकच्या बाजूच्या एका खेड्यात पिसाळलेल्या कुत्र्यानं एकाच सकाळी एका म्हशीला, आप्पांना आणि नऊ वर्षांच्या एका मुलाला चावा घेतला. आप्पांच्या साहेबांनी त्यांना जबरदस्तीनं बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलला धाडलं. रोज एक अशी चौदा इंजेक्शनं पोटात. पोट सुजून धोतराची गाठ मारता येत नव्हती म्हणे. त्या मुलाच्या घरच्यांनी मात्र जखमेत तिखट भरलं, मंत्र घातलेला दोरा बांधला. जखम भरून आली. पोरगा पुन्हा शाळेत जायला लागला. आप्पा कामावर रुजू झाले तेव्हा तो सायकलमागून पळत आला होता.

दीड महिन्यानंतर एक दिवस आप्पा त्या घरी गेले, तर पोरगा खांबाला धरून बसलेला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तो किंचाळला. तिसऱ्या दिवशी गेला. त्याचा थोरला भाऊ इचलकरंजीला मागावर होता, त्याला निरोप पोचायच्या आधीच त्यानं पाठवलेली मनीऑर्डर आली. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली संदेशाची चिठ्ठी असायची आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती पोस्टमननंच वाचून दाखवायची, ही पद्धत. आप्पांनी पैसे मोजून त्या माउलीच्या हातात दिले आणि चिठ्ठी वाचली. धाकट्याला वह्या घ्या, असं लिहिलं होतं.

“मी वाचली,” आप्पा म्हणाले. “ड्यूटी होती.”

यावर काय बोलणार? मी त्यांना पाणी आणून दिलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी मुलांना, त्यांच्या वयाला झेपेल इतकं, सांगितलं. कुत्र्याचा विषय घरात बंद झाला. मुलांनीही काढला नाही, हे मला विशेष वाटलं.

विषय पुन्हा काढला तो आप्पांनी. आठवडाभरानं, चहा पिताना. “आता ती चौदा इंजेक्शनं असतात का गं?” मी शेजारच्या डॉक्टरांना विचारून आले. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आता दंडात चार-पाच इंजेक्शनं ठरावीक दिवसांनी घेतात. चावलेली जागा लगेच नळाच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काहीही भरायचं नाही. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं औषध टोचतात. आणि लक्षणं दिसू लागली की मग मात्र आजही इलाज नाही, म्हणून ‘बघू दोन दिवस’ हा प्रकारच नको. पाळलेल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि मग दरवर्षी. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. “दरवर्षी म्हणजे तारखेला. पोरं विसरतात,” एवढंच म्हणाले.

तिथून खरी बोलणी सुरू झाली. एकेक प्रश्न असा यायचा की उत्तर शोधायला आम्हाला दोन-दोन दिवस लागायचे. दिवाळीत सगळे बेळगावला गेलो तर तो कुठं राहणार? सकाळी सहाला परीक्षा असताना खाली कोण नेणार? सोसायटीतल्या लोकांनी हरकत घेतली तर? (सोसायटीला कुत्री पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं पशुकल्याण मंडळानं २०१५ मध्येच कळवलेलं आहे. पण जिना घाण केला तर शेजाऱ्यांचं तोंड कोण धरणार!) थोरली बारावीनंतर बाहेरगावी गेली तर तिच्या वाटणीचं काम कुणाचं? माझ्या यजमानांना पहाटे उठायचा नुसता विचारही सोसत नाही, पण त्यांनी रात्रीची फेरी अंगावर घेतली. दिवाळीसाठी सोसायटीतल्या एका गुजराती कुटुंबाशी अदलाबदल ठरली, त्यांचा पोपट आमच्याकडे आणि आमचा कुत्रा त्यांच्याकडे.

आप्पांचा एक आक्षेप जातीचा होता. पाळायचा तर मुधोळचा पाळावा, रस्त्यावरचा कशाला? मुधोळ म्हटलं की टपालवाल्याचा ऊर भरून येणारच. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एक मुधोळचं होतं. आप्पांच्या संग्रहात ते आहे. पण मुधोळ म्हणजे शिकारीचा, माळरानावर वाऱ्यासारखा धावणारा. त्याला तिसऱ्या मजल्यावर कोंडायचं? हे आप्पांनीच स्वतःला समजावलं.

धाकट्यानं एकदा देवघराकडं बोट दाखवलं. आमचं कुलदैवत मंगसुळीचा खंडोबा. तसबिरीत घोड्याच्या पायाशी कुत्रा आहेच. आपल्याकडचे वाघ्ये काय किंवा मैलारलिंगाचे गोरव काय, स्वतःला देवाचे कुत्रेच म्हणवतात. देवाचं नाव मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरं, एवढाच फरक. “अज्जा, देवाला चालतो मग?” आप्पा शांतपणे म्हणाले, “देवाला रेबीज होत नाही.”

केंद्रात आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी आप्पा आले, पण फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले. ताईंनी आम्हाला पिल्लू न देता दीडेक वर्षाचा कुत्रा सुचवला. घरात वयस्कर माणूस असेल तर हेच बरं, असं त्यांचं म्हणणं. पिल्लू दात शिवशिवतात म्हणून चावत सुटतं, पायांत येतं. मोठ्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. तांबूस रंगाचा, मागच्या पायानं किंचित लंगडणारा. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं. आप्पांनी खुर्चीवरूनच त्याचं लसीकरणाचं कार्ड मागून घेतलं, उजेडात धरून दोनदा वाचलं. नंतर “सरी” म्हणाले. हा होकार होता की फक्त कार्ड बरोबर असल्याचा शेरा, ते आजतागायत कळलेलं नाही.

थंडीचे दिवस होते, सुरतेत पोंकाच्या गाड्या लागलेल्या. पोंक म्हणजे आपला हुरडा. म्हणून पोराचं नाव पोंक पडलं. पहिले तीन दिवस तो जेवणाच्या टेबलाखालून बाहेर आला नाही. अशा कुत्र्याला घराची ओळख पटायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने लागतात, असा एक आडाखा आहे आणि तो आमच्या बाबतीत बराच खरा ठरला. कांदा, द्राक्षं, चॉकलेट ही त्याला विषासारखी, हे मुलांनी फ्रिजवर लिहून चिकटवलं. हाक मारायची नाही, अंगावर जायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. आप्पांना बजावायची गरज नव्हती, ते आपण होऊनच दोन हात लांब राहत.

भाषेची मात्र धमाल झाली. केंद्रात तो गुजराती ऐकत वाढलेला, ‘बेस’ म्हटलं की बसायचा. आमचं मराठी त्यानं महिन्याभरात उचललं. आणि आप्पा त्याच्याशी बोलायचे ते फक्त कन्नड. रागावल्यावर कन्नड, हा त्यांचा जुना नियम. “सुम्न कुंद्रु!” म्हटलं की हा खरोखरच गप्प बसायचा. एकदा जिन्यात पोंक पुढं पळाला म्हणून आप्पांनी मोठ्यानं हाक दिली, “बा! इल्ली बा!” गुजरातीत बा म्हणजे आई किंवा आजी. दुसऱ्या मजल्यावरच्या बा दार उघडून बाहेर आल्या आणि आप्पांना विचारू लागल्या, काय झालं भाई, मला का बोलावता? बेळगावच्या कुठल्याही घरात याचं हसू होईल. सुरतेत ते समजावून सांगायला मला पाऊण तास लागला.

२२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा भटक्या कुत्र्यांबद्दलचा आदेश आला, तेव्हा आप्पांनी मोबाइलवर कन्नड पेपरात तो सगळा वाचला. लस आणि नसबंदी करून कुत्री त्याच भागात सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक असलेली मात्र सोडू नयेत; ज्याला दत्तक घ्यायचा असेल त्यानं पालिकेकडे अर्ज करावा, पण घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याचीच, असं त्यात होतं. आप्पांनी चष्मा काढला. “दिवाळीला कुठं ठेवणार, हे मी आधीच विचारलं होतं,” म्हणाले.

पोंकला त्यांनी अजून कधी कुरवाळलेलं नाही. तोही त्यांच्या अंगावर जात नाही. खुर्चीपासून हातभर अंतरावर बसतो, पुढे सरकत नाही. एक जाड वही मात्र आप्पांनी केली आहे. पोस्टातल्या नोंदवहीसारखी, लाल शाईनं रकाने आखलेली. तारीख, लसीचं नाव, बाटलीवरचा नंबर, डॉक्टरांची सही, पुढची तारीख. डॉक्टर आधी हसले, पण सही करतात. मागच्या मे महिन्यात आप्पा पंधरा दिवस बेळगावला गेले होते. चौथ्या दिवशी तिथून फोन आला. माझी चौकशी नाही, जावयाची नाही. “अकरा तारीख आहे उद्या,” म्हणाले. “वही माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात. सही घेतल्याशिवाय परत येऊ नका.”