वारशाचे घड्याळ : अस्सल की नुसतेच रंगविलेले?

वडीलधाऱ्यांच्या पश्चात कपाटाच्या खणातून जे थोडे जिन्नस निघतात, त्यांत मनगटी घड्याळ बहुधा असतेच. दागिन्याचे वजन करता येते, जमिनीचा उतारा काढता येतो. घड्याळाचे मोल मात्र तबकडीवरच्या नावावरून ठरविले जाते आणि फसगत नेमकी तेथेच होते. भावंडांत वाटणी करावयाची असो वा संग्राहकास विकावयाचे असो, ते अस्सल आहे काय, याची खातरजमा आधी झालेली बरी.

आपल्याकडील घरांत जुनी घड्याळे आढळतात ती प्रामुख्याने तीन नावांची. फेवर-ल्युबा या स्विस कंपनीचा भारताशी संबंध १८६५ पासूनचा. तिची ‘सी चीफ’ व ‘सी किंग’ ही घड्याळे १९६० च्या दशकात घरोघरी पोहोचली. वेस्ट एंड कंपनीचा व्यापार मुंबई आणि कलकत्ता येथून चाले. ‘सोवार प्रायमा’ हे तिचे नावाजलेले घड्याळ. एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना उभारला आणि तिचे चावीचे ‘जनता’ घड्याळ कित्येक नोकरदारांच्या मनगटावर आले.

या घड्याळांची संपूर्ण नक्कल क्वचितच आढळते. जुने यंत्र ठेवून तबकडी नव्याने रंगविण्याचा प्रकार मात्र सर्रास चालतो. पावसाळी दमट हवेत तबकडीवर डाग पडत, म्हणून पूर्वी घरची माणसेच ती हौसेने नवी करून घेत. पुढे हाच धंदा झाला. भडक रंग आणि मोठ्या कंपनीचे नाव असलेल्या अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक उपहासाने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

परीक्षा तबकडीपासूनच आरंभावी, पण तेथे थांबू नये. भिंगाखाली मूळ छपाई रेखीव व एकसारखी दिसते. रंगविलेल्या तबकडीवर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेषा आकड्यांपासून सरकलेल्या, क्वचित स्पेलिंगही चुकलेले आढळते. पन्नास-साठ वर्षांचे घड्याळ, केस झिजलेली, पट्ट्याचे खिळे सैल आणि तबकडी तेवढी कोरी करकरीत, हा मेळ संशयास्पद मानावा. याउलट, काटे वर्षानुवर्षे एकाच जागी थांबून राहिल्याने पडलेली तपकिरी सावली हे जुन्या चमकत्या तबकडीचे सुलक्षण होय. मात्र हा चमकता लेप पूर्वी रेडियमचा असे. तो घरी खरवडू नये.

खरी साक्ष झाकणाखाली असते. झाकण जाणत्या कारागिराकडूनच उघडवावे. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेले आणि आत चावीचे यंत्र, किंवा बाहेर २१ ज्वेल आणि यंत्रावर १७ कोरलेले, असे आढळल्यास तबकडी मूळची नव्हे, हे उघड आहे. मात्र यंत्रावर दुसऱ्याच कंपनीची खूण आहे, एवढ्यावरून घड्याळ खोटे ठरवू नये. अनेक स्विस कंपन्या यंत्रे बाहेरून घेत. वेस्ट एंडच्या काही घड्याळांत लाँजिन्सची यंत्रे आहेत. झाकणाच्या आतील बाजूस सुईने ओरखडलेले बारीक आकडे दिसले, तर ते पूर्वीच्या दुरुस्त्यांची नोंद असतात. ते पुसू देऊ नयेत.

काळाचा मेळही पाहावा. चावीच्या घड्याळाचे चक्र बहुधा तासाला १८,००० वेळा हेलकावते. म्हणून सेकंदकाटा सेकंदाला पाच बारीक पावले टाकतो. तो सेकंदाला एकदाच उडी मारत असेल, तर आत बहुधा बॅटरीवरचे क्वार्ट्झ यंत्र आहे. आणि क्वार्ट्झ मनगटी घड्याळ प्रथम बाजारात आले ते १९६९ च्या डिसेंबरात. आजोबांना १९५० साली लग्नात मिळालेल्या घड्याळात ते मूळचे असणे शक्य नाही.

एवढे पाहिल्यावर ‘खरे’ की ‘खोटे’ असे एका शब्दाचे उत्तर क्वचितच हाती येते. यंत्र अस्सल, केस मूळची, तबकडी रंगविलेली, चावी बदललेली, असेच चित्र बहुधा दिसते. घरात ठेवावयाचे असेल, तर त्याने काही उणे होत नाही; वडिलांनीच बदलून घेतलेली तबकडी हीदेखील त्यांचीच आठवण. विकताना किंवा वाटणीत किंमत धरताना मात्र प्रत्येक बदल उघड सांगितला पाहिजे. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावावर नक्कल वा भेसळ खपविणे, हा एक सांगितला आहे, तो अशाच प्रसंगांसाठी.

एक सावधगिरी शेवटची. परीक्षेपूर्वी केस घासून चकचकीत करू नये, तबकडी ‘नवी’ करू देऊ नये आणि वर्षानुवर्षे बंद पडलेल्या घड्याळास साफसफाई व तेलपाणी झाल्याविना चावी देऊ नये. घड्याळाबरोबर जुने बिल, हमीपत्र किंवा ते मनगटावर दिसणारे एखादे छायाचित्र असल्यास तेही त्याच डबीत जपावे. पुढच्या पिढीला घड्याळाबरोबर त्याचा पुरावाही मिळेल.