झुकाल तिकडे वळणारी फळी

संपादकांनी ‘माउंटनबोर्ड’वर लिहायला सांगितलं आणि मला आमची बेअरिंगची गाडी आठवली. सांगलीत गॅरेजवाल्याच्या मागं लागून मिळवलेली जुनी बेअरिंगं, त्यांवर ठोकलेली फळी. डांबरावर ती खडखडत सुटायची. मातीत उतरली की जागीच रुतायची.

तसलीच फळी मातीतून पळवण्याची कल्पना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या लोकांना जवळपास एकाच वेळी सुचली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९९३ साली ‘एमबीएस’ ही कंपनी निघाली. बर्फ वितळल्यावर रिकामे पडणारे उतार स्नोबोर्डवाल्यांना खुणावत होते.

भाच्यानं पुण्याहून आणलेला बोर्ड साताऱ्यात अंगणात उलटा ठेवून मी तासभर बघत बसलो. मीटरभराची लवचिक फळी, पाय अडकवायला पट्टे, हवा भरलेली आठ इंची चार चाकं. हँडल नाही. सगळी करामत आसात आहे. बैलगाडीचा आस जन्मभर सरळ राहतो. इथं तो तिरक्या खिळीवर बसवलाय. फळी डावीकडं झुकली की पुढचा आस डावीकडं वळतो, मागचा उलट दिशेला, आणि चारही चाकं एकाच वळणाला लागतात. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा फळीला पुन्हा सरळ करतात; त्यांच्या पोटातले रबरी गोळे वेगात सुटणारी थरथर गिळतात. मी हातानं दाबून पाहत राहिलो. टाचेवर भार दिला तर एकीकडं, चवड्यावर दिला तर दुसरीकडं. अंगाचा तोलच सुकाणू! इतकी साधी, इतकी सुंदर युक्ती मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

“आणि ब्रेक?”

“याला नाही, मामा.”

थांबायचं तर बोर्ड उताराला आडवा फिरवायचा, भार डोंगराच्या अंगाला टाकायचा आणि चाकं घसरवायची. हे सपाटीलगतच्या छोट्या उतारावर अंगात मुरल्याशिवाय वर चढायचं नाही. हेल्मेट हवंच, आणि मनगटाचे गार्डही. पडताना माणूस आधी हात टेकतो.

पण खेळायचं कुठं? यवतेश्वर घाटात वाहनं. पुढं कासचा सडा, २०१२पासून जागतिक वारसा; जांभ्यावर जेमतेम बोटभर माती आणि तिच्यातच फुलांचा सगळा संसार. तिथं एक चाकोरी पडली तरी ती भरायला वर्षं जातील. सांगलीकडं सागरेश्वर: उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून, जपून उभं केलेलं अभयारण्य. तिथंही नाही. उरतात गावांचे माळ. पावसाळ्यात निसरडे, दिवाळीपर्यंत गुरांच्या गवताचे, त्यानंतर सुट्या मुरमाचे. जमीन कुणाची, परवानगी कुणाची, हाड मोडलं तर रुग्णालय किती लांब, हे आधी विचारायला हवं. मी भाच्याला एकेक विचारत गेलो. बऱ्याच प्रश्नांना त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

शेवटी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक माळाचा खालचा तुकडा ठरला. भाच्यानं आधी उतार पायी चालून मोठे दगड बाजूला केले. मग मुरमावर पकड यावी म्हणून चाकांतली थोडी हवा सोडली, मनगटांचे पट्टे आवळले, आणि मला खाली, वाटेवर शेळ्या येतात का ते बघायला उभं केलं.