ऐकणाऱ्यांची दिल्ली

जामा मशिदीच्या उत्तर दरवाज्याला ३९ पायऱ्या आहेत. सय्यद अहमद खान, म्हणजे पुढे अलीगढचे सर सय्यद, यांनी १८४७ साली दिल्लीच्या इमारतींवर 'आसार-उस-सनादीद' हा ग्रंथ लिहिला. दगड, कमानी, शिलालेख यांची काटेकोर नोंद करणारा हा लेखक या पायऱ्यांपाशी येतो आणि माणसांत रमतो. दुपार कलली की इथे एक दास्तानगो, म्हणजे दास्तान सांगणारा, मोढा टाकून बसतो, अमीर हमजा या वीराची दास्तान, म्हणजे लांबलचक अद्भुतकथा, सांगू लागतो. दुसरीकडे कुणी हातिमताईचा किस्सा लावलेला असतो, आणखी कुठे 'बोस्तान-ए-खयाल' ही दास्तान चालू असते, आणि ऐकायला शेकडो माणसं जमतात, अशी नोंद त्यांनी केली आहे.

संपादकांनी मला दिल्लीला धाडलं ते वेगळ्याच कामासाठी. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा इथे अद्भुत आणि भयकादंबऱ्या वाचून त्यांवर बोलणारे वाचकगट वाढले आहेत, त्यांच्यावर लेख हवा होता. गट आहेत, उत्साही आहेत. महिन्याला एक कादंबरी ठरते, कॅफेत दोन टेबलं जोडली जातात, टोल्किन आणि स्टीफन किंग यांच्यावरून आवाज चढतात. लोधी गार्डनमध्ये २०२३पासून 'लोधी रीड्स'ची मंडळी हिरवळीवर सतरंज्या टाकून एकत्र वाचतात. बंगळुरूच्या कब्बन पार्कातल्या उपक्रमावरून त्यांना हे सुचलं. लोधी गार्डनातही प्रत्येक जण आपापलं पुस्तक मुकाट वाचतो. मला हे दृश्य आवडलं. पण त्या हिरवळीवर बसल्या बसल्या माझं लक्ष त्या ३९ पायऱ्यांकडे गेलं, कारण जादूगार, राक्षस आणि मायानगरींच्या गोष्टी याच शहरात शेकडो माणसं एकत्र, मोठ्या आवाजात अनुभवत होती, आणि आपलं मत राखून ठेवत नव्हती. हा लेख त्यांच्याकडेच वळला.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगते. अमीर हमजाची दास्तान फारसीतून आली. अकबर तिच्यावर इतका लुब्ध होता की त्याने तिची सुमारे १४०० मोठी चित्रं कापडावर करवून घेतली. हे काम जवळजवळ पंधरा वर्षं चाललं. चित्राच्या मागच्या बाजूला मजकूर आहे. समोर बसलेल्यांना चित्र दिसावं आणि कुणीतरी कथा ऐकवावी, अशी ती योजना असावी असं अभ्यासक मानतात. त्यातली जेमतेम दोनशे चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत. लंडनच्या एका संग्रहालयाला काही सापडली ती १८८१ साली श्रीनगरात.

फारसी मागे पडली, दास्तान उर्दूत आली आणि फुगत गेली. १८५७ नंतर दिल्ली उजाड झाली, पण नाद सुटला नाही. गालिबचं एक पत्र आहे. अमीर हमजाचं जाडजूड बाड आणि तेवढाच 'बोस्तान-ए-खयाल'चा खंड हाती आला आहे, कोठीत मद्याच्या सतरा बाटल्या आहेत, दिवसा वाचन आणि रात्री मद्यपान चाललं आहे, अशी खुशाली तो मित्राला कळवतो. एवढा मोठा कवी, आणि जादूटोण्याच्या कादंबरीचा नवा भाग मिळाल्याचा त्याचा आनंद शाळकरी पोराचा आहे.

पुढे लखनौच्या नवलकिशोर प्रेसने ही सगळी दास्तान छापायला घेतली. १८८०च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ४६ खंड निघाले. त्यांतला सर्वांत गाजलेला भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. तो एकटाच आठ हजारांहून अधिक पानांचा आहे. गंमत अशी की हा भाग मूळ फारसीत नाहीच. मीर अहमद अली नावाच्या दास्तानगोने तो रचला असावा असं मानतात, आणि मान मिळावा म्हणून कर्तृत्व अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या नावावर टाकलं गेलं.

होशरुबा म्हणजे जादूने उभारलेला एक अख्खा देश. अफरासियाब त्याचा बादशहा. हमजाच्या बाजूने अम्र अय्यार नावाचा बिलंदर, ज्याच्या झोळीत माणसं, खजिने, शहरं काहीही मावतं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'चंद्रकांता' पाहिलेल्यांना अय्यार सांगायला नकोत. देवकीनंदन खत्रींनी १८८८ साली तिची मूळ कादंबरी लिहिली तेव्हा दास्तानींची हवा होतीच. होशरुबात प्रत्येक तिलिस्म, म्हणजे जादूने रचलेली दुनिया, कुणाच्या हातून मोडणार हे आधीच ठरलेलं असतं. ती युक्ती एका पाटीवर लिहिलेली असते आणि ती पाटी शोधण्यात शेकडो पानं जातात. भयाची जागाही पक्की आहे. एखादा जादूगार मेला की अंधार दाटतो, वादळ सुटतं, आकाशातून दगड-आग बरसते आणि कुठूनतरी आवाज येतो : मला मारलं, माझं नाव अमुक जादू होतं. मेल्यानंतर स्वतःचं नाव पुकारणारं हे भूत शेकडो वेळा येतं. जमलेल्यांना तो क्षण आधीच ठाऊक असे, आणि ठाऊक असूनही अंगावर काटा येत असे. उलट, तो आवाज आला नाही तर जादूगार खरा मेलाच नाही, हे सांगणाऱ्याच्या आधी श्रोत्यांना कळे.

मी गुंतले ती मात्र दास्तानगोच्या एका युक्तीत. दास्तान रोखून धरणं.

कथा पुढे नेणं सोपं काम समजलं जाई. खरा कस लागे तो कथा थांबवण्यात. प्रसंग ऐन टोकावर आणायचा आणि तिथेच उभा करायचा. प्रियकर-प्रेयसीमध्ये एक पडदा आहे, हात पडद्याकडे गेला आहे, आणि दास्तानगो पडद्याचं वर्णन करू लागतो. कापड, त्यावरची वेलबुट्टी, ती विणणारा, दालनातले दिवे, बाहेरची बाग, बागेतली झाडं, झाडांवरचे पक्षी. एका उस्तादाने तो पडदा कित्येक दिवस उचलूच दिला नाही आणि श्रोते रोज येत राहिले, अशी आख्यायिका आहे. दिवसांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून मी तो देत नाही.

हे चालायचं कसं, यावर मी खूप विचार केला. आजच्या वाचकाला पाचशे पानांच्या कादंबरीत दोन पानं वर्णन आलं की तो पुढे उडी मारतो. त्या पायऱ्यांवर माणसं का थांबत? माझं उत्तर असं की यादी ऐकणारे त्या यादीतले जाणकार होते. पायऱ्यांच्या आसपास शिकलगार, हलवाई, जरीवाले, कबुतरबाज यांच्याच वस्त्या. दास्तानगोने तलवारींचे प्रकार मोजायला घेतले की समोर बसलेला हत्यारांचा कारागीर कान टवकारत असणार, मिठायांची नावं आली की हलवायाची मान डोलत असणार. नाव चुकलं तर कळत असणार. म्हणजे थांबलेल्या कथेत ऐकणाऱ्यांची परीक्षा चालू असे आणि सांगणाऱ्याचीही. 'वाह' म्हणणं हे मत होतं, गप्प राहणं हेही मत होतं, आणि त्यावर उद्याची कथा किती लांबणार ते ठरत होतं. आपल्याकडे कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लांबवतात तेव्हा समोरची जाणती माणसं जो ताल धरतात, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल.

या विद्येचा दिल्लीतला शेवटचा नामवंत मीर बाकर अली. घराणंच दास्तानगोंचं, आजोळाकडून आलेलं. ज्यांनी त्याला ऐकलं त्यांनी लिहून ठेवलं आहे की हा काटकुळा, किरकोळ अंगाचा माणूस. बादशहाचं बोलू लागला की समोर बादशहाच बसला आहे असं वाटे आणि म्हातारीचं बोलू लागला की गालफडं बसत. हावभाव मोजके, सारी मदार आवाजावर. उतारवयात बायोस्कोप आला, रईस आटले. बाकर अली सुपारी विकू लागला आणि आठवड्यातून एकदा स्वतःच्या घरी, किरकोळ पैसे घेऊन, दास्तान सांगत राहिला. असहकाराच्या काळात खादीच्या प्रचारासाठी त्याने गाढेखान आणि मलमलजान या नवरा-बायकोची कथा रचली. जाडंभरडं कापड आणि परदेशी मलमल यांचा तो घटस्फोट. अमीर हमजा सांगणारा माणूस चालू राजकारणाकडे इतक्या सहजपणे वळला, याचं मला फार कौतुक वाटतं.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा पाहणीसाठी १९२०च्या सुमारास त्याचा आवाज तबकडीवर घेतला गेला. काही मिनिटांचाच. त्यात होशरुबा नाही, हमजा नाही. सगळ्या बोलींची तुलना करता यावी म्हणून जी ठरावीक बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांकडून वदवून घेतली, तीच त्याच्याकडूनही घेतली. यंत्रासमोर त्याला एकट्याने बोलायचं होतं. 'वाह' म्हणणारं कुणी नव्हतं. १९२८ साली तो गेला.

त्याच्यामागे जवळजवळ ऐंशी वर्षं दिल्लीत शांतता होती. शिकलेल्यांनी आधीच दास्तानीला वेडगळ, लोकांना बिघडवणारी ठरवून टाकलं होतं; कादंबरी वास्तव हवी, उपयोगी हवी. मराठीतही हा झगडा झाला. 'मंजुघोषा' या १८६८ सालच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबुडांनी अद्भुताची बाजू मांडली होती. आपल्या लोकांच्या रोजच्या चाकोरीत चटकदार असं काही घडत नाही, म्हणून चमत्काराकडे वळावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. हरिभाऊ आपट्यांनंतर ती बाजू मागे पडली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा घराघरात नेली, मतकरींनी तर रंगमंचावरून कथा सांगितल्याही. तरी आपण धारप वाचले ते बहुतेक एकेकट्यानेच, लायब्ररीचं पुस्तक रात्री उशाशी घेऊन.

दिल्लीत शांतता मोडली ती शम्सुर रहमान फारुकी यांच्यामुळे. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, उर्दूचे अव्वल समीक्षक. नवलकिशोरचे सगळे ४६ खंड त्यांनी वर्षानुवर्षं शोधून जमवले, वाचले आणि दास्तान ही कादंबरीची अडाणी पूर्वज नसून सांगण्याची स्वतंत्र कला आहे, तिचे नियम वेगळे आहेत, हे ठामपणे मांडलं. त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी मे २००५मध्ये इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये दास्तान पुन्हा मंचावर आणली. एकाऐवजी दोघे सांगणारे, पांढरे अंगरखे, तक्तपोसावर चादर आणि लोड, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, पाण्याचे चकचकीत कटोरे. सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगितलं जातं की टाळ्या नकोत, आवडलं की 'वाह' म्हणा. आज फौजिया दास्तानगो यांच्यासारख्या स्त्रियाही सांगतात. विजयदान देथांची कथा, फाळणी, 'ॲलिस' अशा नव्या दास्तानी झाल्या. मराठीत अक्षय शिंपी आणि नेहा कुलकर्णी यांनी 'दास्तान-ए-बड़ी बांका' केली, मुंबईची.

हे सगळं भारावून टाकणारं आहे, आणि तरीही मला काळजी वाटते ती इथेच. सांगणारा परत आला, ऐकणारा परत आलेला नाही. 'वाह' कुठे म्हणायचं हे ज्याला शिकवावं लागतं, तो श्रोता सांगणाऱ्याला अडवू शकत नाही. दोन तासांच्या आत प्रयोग संपवायचा असतो, सभागृह सोडायचं असतं, शेवटची मेट्रो गाठायची असते. पडदा त्याच संध्याकाळी उचलावाच लागतो. म्हणजे ज्या युक्तीवर ही कला उभी होती, तिलाच जागा नाही. भाषेची अडचण वेगळी. होशरुबातली फारसीने लगडलेली उर्दू आज दिल्लीतल्या फार थोड्यांना कळते, म्हणून नव्या, सोप्या कथांकडे कल झुकतो. तो झुकाव योग्यच आहे, बाकर अलीनेही तेच केलं. पण गाढेखानासोबत त्याच्याकडे हमजाही होता.

जामा मशिदीसमोरच्या उर्दू बाजारात पुस्तकांची दुकानं कमी होत गेली, खाण्याची वाढली. होशरुबाचं पुनर्मुद्रण पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाने १९८८ साली केलं होतं. नोएडातल्या रेख्ता फाउंडेशनने जुन्या उर्दू पुस्तकांच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या, हे फार मोठं काम. इंग्रजीत मुशर्रफ अली फारुकी यांनी आपल्या अनुवादाचा पहिला भाग २००९ साली आणला आणि शहनाज ऐजाजुद्दीन यांनी संक्षिप्त होशरुबा दिली. म्हणजे पुस्तकं मिळवायची म्हटलं तर मिळतात. नाहीत ती त्यांवर भांडणारी माणसं.

म्हणून वाचकगटांकडे परत येते. टोल्किनच्या वंशावळ्या तोंडपाठ असलेली, किंगच्या कुठल्या कादंबरीचा शेवट फसला यावर तावातावाने बोलणारी ही मुलंमुली त्या पायऱ्यांवरच्या श्रोत्यांच्या सर्वांत जवळ आहेत असं मला मनापासून वाटतं. कथा आधीच माहीत असणं, बारकाव्यावर अडणं, लेखकाला माफ न करणं, हे गुण त्यांच्यात आहेत. त्यांनी वर्षभरासाठी होशरुबाचा एकच खंड घ्यावा, इंग्रजीतून का होईना. दर महिन्याला एकाने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी त्याला हवं तिथे थांबवावं. भांडायला विषयही तयार आहे. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, मग नवलकिशोर प्रेसशी त्यांचं फाटलं आणि पुढचे अहमद हुसैन कमर यांनी लिहिले. कमर आपल्या खंडांत जाह यांना टोमणे मारतात आणि खरा उस्ताद आपणच असल्याचं सांगतात. भाषेची नजाकत जाह यांची की कल्पनेची झेप कमर यांची, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. मी जाह यांच्या बाजूची आहे. जो माणूस बागेत शिरला की चार पानं बाहेर येत नाही, पण त्या चार पानांत एकही फूल दुसऱ्यासारखं लिहीत नाही, त्याच्यासाठी मी अफरासियाबला ताटकळत ठेवायला तयार आहे. कमर यांची बाजू घेणारं कुणी दिल्लीत भेटलं, तर मी पुन्हा जाईन.